नऊ वाजताची गर्दी : एका स्केलिंग प्रकल्पाच्या नोंदी

२ जून, सोमवार

नव्या कामाचा पहिला दिवस. पद टेक्निकल प्रॉडक्ट मॅनेजर. काम एका वाक्यात सांगितलं गेलं: "सहा महिन्यांत ग्राहक तिप्पट होतील, तोवर सिस्टीम तयार हवी." प्रॉडक्ट म्हणजे कर्मचाऱ्यांची हजेरी, पाळ्यांचं वेळापत्रक आणि त्यावरचे अहवाल. सध्या साधारण ६४० कंपन्या वापरतात. आत एक मोठं ॲप्लिकेशन, त्यामागे एक पोस्टग्रेस (डेटाबेस), अहवाल बनवणारे दोन वर्कर (मागे चालणारे प्रोग्रॅम), आणि हे सगळं कुबरनेटीसवर (प्रोग्रॅमच्या प्रती चालवणारी, गरजेप्रमाणे वाढवणारी व्यवस्था). रोज सकाळी नऊ ते नऊ-वीस सगळं जड होतं. अधूनमधून पडतंही.

दुपारच्या बैठकीत तीन उपाय ऐकले. मायक्रोसर्व्हिसेस करू (ॲप्लिकेशन छोट्या स्वतंत्र सेवांत फोडू), डेटाबेस शार्ड करू (तुकडे करून अनेक मशीनवर वाटू), मोठं मशीन घेऊ. सांगणारे तिघेही हुशार. मी एवढंच विचारलं की तिप्पट नक्की काय होणार? थोडा वेळ कुणीच बोललं नाही. सेल्सकडची यादी मागवली तर येऊ घातलेले ग्राहक आहेत त्यांच्यापेक्षा बरेच मोठे निघाले. म्हणजे कर्मचारी पाचपट होतील, पंच (येता-जातानाची हजेरीची नोंद) पाचपट होतील, पण डॅशबोर्ड उघडून बसणारे मॅनेजर जेमतेम दुप्पट. अहवालांचं तर कुणालाच माहीत नाही. वहीत चार रकाने आखले: कर्मचारी, पंच, स्क्रीन, अहवाल. प्रत्येकाचा गुणक वेगळा. सध्या तीन भरले, चौथा रिकामा.

३ जून, मंगळवार

इंजिनिअरांकडे न जाता दिवसभर सपोर्टच्या मुलीशेजारी बसले. गेल्या दोन महिन्यांची टिकटं वाचली. इंजिनिअर म्हणतात "लेटन्सी", म्हणजे उत्तराला लागणारा वेळ. ग्राहक म्हणतो "काल अहवाल तीनदा आला", "आज आलाच नाही", "पंच केला पण दिसत नाही". तीन वेगळी दुखणी आहेत, आणि आपल्याकडे तिन्हींवर "परफॉर्मन्स" असं एकच लेबल चिकटवून ठेवलंय. लेबल फोडून तीन केली. सपोर्टच्या मुलीचं म्हणणं, "हे मी मागच्या वर्षीच सांगितलं होतं." सांगितलं होतं, खरंच. टिकट सापडलं.

४ जून, बुधवार

आमच्या आतल्या डॅशबोर्डवर मोठ्या अक्षरात उत्तराचा सरासरी वेळ: १८० मिलिसेकंद. हिरवा रंग. सगळं छान. सरासरीच्या जागी पी९९ (शंभरातल्या ९९ रिक्वेस्ट ज्याच्या आत संपतात तो वेळ) लावून बघितला, सकाळी नऊ ते नऊ-वीसमध्ये ११ सेकंद. शंभरातली एक रिक्वेस्ट (ॲपने सर्व्हरकडे केलेली मागणी) एवढी लटकते.

"शंभरात एकच ना?" असं विचारलं गेलं. मॅनेजरची पहिली स्क्रीन उघडताना मागे २० वेगळ्या रिक्वेस्ट जातात. प्रत्येकीला लटकण्याची शक्यता एक टक्का आणि त्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या, तर वीसही वेळेत परतण्याची शक्यता ०.९९ चा विसावा घात, म्हणजे ८२ टक्के. उरलेल्या १८ टक्के वेळा स्क्रीनचा एखादा तरी कोपरा गोल फिरत बसतो. साधारण दर साडेपाच वेळा उघडलं की एकदा फिरतं. फळ्यावर हा गुणाकार केल्यावर "शंभरात एकच" पुन्हा ऐकू आलं नाही. सरासरीचा आकडा काढायला सांगितलं. एकाने जड मनाने काढला.

६ जून, शुक्रवार

आज नऊ वाजता प्लॅटफॉर्म बघणाऱ्या सहकाऱ्यासोबत स्क्रीनसमोर बसले. काय घडतं ते नीट लिहून ठेवते.

ऑटोस्केलिंग (भार वाढला की ॲप्लिकेशनच्या प्रती आपोआप वाढवणं) सीपीयूवर लावलेलं नाही, अडकून पडलेल्या रिक्वेस्टच्या संख्येवर लावलंय. नेहमीचे ६ पॉड (ॲप्लिकेशनच्या चालू प्रती). प्रत्येक पॉड डेटाबेसकडे २० कनेक्शन धरून बसतो, म्हणजे १२०. दोन वर्करांची १५-१५, एकूण १५०. पोस्टग्रेसला कनेक्शनची मर्यादा मुळात १०० असते, आपण ती २०० केलेली. त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव, उरली १९७.

नऊला अहवालांच्या क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) सुरू होतात, डेटाबेस मंदावतो. एरवी सेकंदाला १६० रिक्वेस्ट आणि प्रत्येकीला पाव सेकंद, म्हणजे एका वेळी ४० आत. (जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेलं साधं समीकरण: येण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा वेळ.) तोच वेळ दोन सेकंदांवर गेला की गर्दी न वाढताही ३२० आत. ऑटोस्केलरला वाटतं गर्दी वाढली, तो पॉड वाढवतो. आठ पॉडपर्यंत १६० अधिक ३०, भागतं. नववा पॉड आला की २१०. आणि मग लॉगमध्ये पोस्टग्रेसचा तो अतिशय सभ्य निरोप: सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी. मोबाइल ॲप चूक दिसताच लगेच पुन्हा प्रयत्न करतं, वाट न बघता. गर्दी आता खरोखरच वाढते.

म्हणजे आग लागली की आमचा बंब त्यावर लाकडं टाकतो. प्लॅटफॉर्मवाल्याचा चेहरा पडला, ते सगळं त्यानेच बांधलेलं. त्याला म्हटलं, अरे, हे बांधलंस तेव्हा ९० ग्राहक होते, तेव्हा हेच बरोबर होतं.

९ जून, सोमवार

कनेक्शनसाठी मध्ये पीजीबाउन्सर (मोजकी कनेक्शन सगळ्यांत आळीपाळीने वाटणारा मध्यस्थ) बसवायचं ठरतंय. विरोध झाला: "दोन वर्षांपूर्वी करून बघितलं, फुटलं." का फुटलं ते कुणाला आठवेना. जुन्या चॅटमध्ये शोधलं. ट्रान्झॅक्शन मोडमध्ये (एक व्यवहार संपला की कनेक्शन दुसऱ्याला देण्याच्या पद्धतीत) प्रिपेअर्ड स्टेटमेंट (आधीच तयार करून ठेवलेल्या क्वेरी) चालत नव्हती आणि आमचा ड्रायव्हर (डेटाबेसशी बोलणारा कोड) ती सर्रास वापरतो. २०२३ मध्ये आलेल्या १.२१ आवृत्तीपासून पीजीबाउन्सर ती सांभाळतो. विरोधाचं कारणच उरलं नाही.

माझ्या कामाचा बराच भाग हा असा आहे. कुणीतरी कधीतरी "जमत नाही" म्हटलेलं असतं, आणि ते का जमत नव्हतं ते शोधून अजूनही तसंच आहे का ते बघायचं. कोड मी लिहीत नाही, पण रिलीज नोट वाचता आली पाहिजे.

एक अडचण मात्र खरी: पगाराचा महिना बंद करणारं काम सेशनभर (एक कनेक्शन जोडलेलं असेपर्यंत) टिकणारा ॲडव्हायजरी लॉक (दोघांनी एकच काम एकदम करू नये म्हणून घातलेलं कुलूप) धरतं. ट्रान्झॅक्शन मोडमध्ये तो भरवशाचा नाही, कारण पुढचं ट्रान्झॅक्शन कुठल्या कनेक्शनवर जाईल सांगता येत नाही. ते एक काम थेट डेटाबेसशी जोडलेलं ठेवायचं. टिकटात ठळक लिहिलं, नाहीतर सहा महिन्यांनी कुणीतरी "सगळं एकसारखं करू" म्हणून बदलेल.

१२ जून, गुरुवार

पीजीबाउन्सर प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या खऱ्या सिस्टीमवर. चुका बंद. नऊचा जडपणा होता तसाच. रस्ता रुंद झालेला नाही, फक्त ढकलाढकल थांबून रांग लागली. सीटीओ (तंत्रज्ञान प्रमुख) विचारतो, "मग आता शार्डिंग?" म्हटलं, एक आठवडा दे. चौथा रकाना अजून रिकामा आहे.

१६ जून, सोमवार

चौथा रकाना भरला. आजचा दिवस लक्षात राहील.

डेटाबेसमधून ठरलेल्या अहवालांची यादी काढली, वेळेनुसार मोजली. एकूण १,१४० अहवाल रोज आपोआप निघतात. त्यातले ८७१ बरोबर ९:०० ला. ८:३० ला ४१. १०:०० ला ५६. बाकी इकडेतिकडे.

८७१ लोकांना नऊच का हवेत? नवा अहवाल लावायचा फॉर्म उघडला. "किती वाजता पाठवायचा?" समोर यादी, आणि यादीत आधीच निवडलेलं: ९:००. चार वर्षांपूर्वीच्या कोडमध्ये ती ओळ सापडली. सोबत टिप्पणी: "सध्या नऊ ठेवतोय, नंतर विचारू." विचारलं कुणीच नाही. ६४० कंपन्यांनी फॉर्म भरला, बहुतेकांनी त्या यादीला हातही लावला नाही, आणि आम्ही रोज सकाळी त्यांची ती न घेतलेली निवड जिवाचं रान करून पाळतोय.

लगेच सात ग्राहकांना फोन केले. एका ठिकाणच्या एचआर मॅडम म्हणाल्या, "तुम्ही नऊला पाठवता म्हणून मी नऊनंतर बघते." दोघांच्या बैठका अकराला, अहवाल तेव्हाच उघडतात. एकाने तर अहवाल येतो हेच विसरून गेल्याचं सांगितलं. आणि एका कारखान्याचे पाळीप्रमुख वैतागलेले: "साहेब लोकांना नऊला चालतो, मला साडेसातच्या आत पाहिजे. रात्रपाळीचं कोण आलं नाही ते कळलं तर माणूस बदलता येतो. नऊला कळून काय उपयोग?" यांनी वेळ का बदलली नाही विचारलं, तर म्हणाले, ती बदलता येते हेच माहीत नव्हतं.

म्हणजे ज्यांना घाई नव्हती त्यांच्यासाठी धावत होतो आणि ज्याला होती त्याला दीड तास उशिरा देत होतो.

१८ जून, बुधवार

फॉर्मवर दिवस घातला. "किती वाजता पाठवायचा?" या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेत. एक, हजेरी कुठपर्यंतची हवी. दोन, हातात किती वाजेपर्यंत पडायला हवा. पाळीप्रमुखांना रात्रपाळी संपेपर्यंतची हजेरी साडेसातच्या आत हवी. मॅडमना कालच्या दिवसाची, अकराच्या आत कधीही. दोन रकाने वेगळे केले की मधला सगळा वेळ आमच्या हातात येतो. मॅडमचा अहवाल पहाटे तीनला बनवून ठेवला तरी त्यांना काही फरक पडत नाही.

हजेरीचा पंच मात्र थांबू शकत नाही. सातच्या पाळीचे लोक सातलाच येणार, दारात रांग लागणार, ती गर्दी कुणाच्या डिफॉल्टमुळे (आधीच निवडून ठेवलेल्या पर्यायामुळे) आलेली नाही. म्हणून मशीन, पैसा, झोप जे काही खर्चायचं ते पंचावर. अहवालाने त्याची वाट अडवायची नाही. दोन पानी टिपण लिहिलं, त्यात शार्डिंग पुढच्या वर्षावर टाकलं. सीटीओला पटलं, शार्डिंग मागणाऱ्याला नाही. त्याचा मुद्दा नोंदवून ठेवते: पाचपट पंच आले की लिहिण्याचा भार एका मशीनवर किती दिवस झेपेल? रास्त प्रश्न आहे. लोड टेस्टमध्ये (खोटी गर्दी सोडून करायच्या चाचणीत) बघू.

वेळा ग्राहकाच्या टाइमझोनच्या नावाने साठवायच्या, तासांच्या फरकाने नव्हे. नाहीतर जिथे उन्हाळ्यात घड्याळ पुढे नेतात तिथले अहवाल वर्षातून दोनदा तासभर सरकतील.

२० जून, शुक्रवार

"अहवाल तीनदा आला" याचा उलगडा. अहवालांच्या कामांच्या रांगेसाठी आम्ही एसक्यूएस (ॲमेझॉनची निरोपांची रांग सांभाळणारी सेवा) वापरतो. एका वर्करने निरोप उचलला की तो इतरांपासून काही वेळ लपतो. हा व्हिजिबिलिटी टाइमआउट मुळात ३० सेकंद. तेवढ्यात काम संपवून निरोप पुसला नाही, तर रांग समजते की वर्कर मेला, आणि तोच निरोप दुसऱ्याला देते. आमचे मोठे अहवाल नऊच्या गर्दीत दीड-दीड मिनिट घेतात. म्हणजे एकच अहवाल तीन-तीनदा बनतो, आणि डेटाबेस ज्यामुळे मंदावला तेच काम तिप्पट होतं.

नुसता टाइमआउट वाढवून भागणार नाही, कारण वर्कर खरंच मेला तर तेवढा वेळ अहवाल अडकून बसेल. काम चालू असेपर्यंत वर्करने मुदत वाढवत राहायची, आणि ग्राहक, अहवाल, तारीख मिळून एक किल्ली. त्या किल्लीचा मेल एकदा गेला की पुन्हा नाही. दोन दिवसांचं काम. सपोर्टच्या मुलीला आधी सांगितलं, मग स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरलेल्या टप्प्यात) टाकलं. तिचा मान आहे.

२४ जून, मंगळवार

सेल्ससोबत बैठक. मोठ्या ग्राहकाला करारात ९९.९९ टक्के उपलब्धता हवीय. सेल्सवाला म्हणतो, "सगळेच देतात." फळ्यावर ३० दिवसांचा हिशोब मांडला. ९९.९ म्हणजे ४३ मिनिटं बंद राहायची मुभा. ९९.९९ म्हणजे ४ मिनिटं १९ सेकंद. रात्री अलर्ट वाजला, माणूस उठला, लॅपटॉप उघडला, पासवर्ड टाकला. महिन्याचा कोटा संपला, अजून बिघाड काय ते कळलेलंही नाही. एका जागच्या एका डेटाबेसवर हे वचन द्यायचं म्हणजे नवस बोलण्यासारखं.

मग ग्राहकाला खरं काय हवंय ते विचारायला सेल्सलाच सोबत घेऊन फोन लावला. त्यांची भीती एकच, मागच्या सॉफ्टवेअरमध्ये पंच हरवले आणि पगारावरून भांडणं झाली. सर्व्हर बंद असला तरी मोबाइल ॲप पंच वेळेसकट स्वतःजवळ ठेवतं आणि नंतर पाठवतं, हे आम्ही त्यांना कधी सांगितलेलंच नव्हतं. शेवटी ठरलं ते असं: पंच स्वीकारणं ९९.९ टक्के, स्वीकारलेला पंच हरवणार नाही हे स्वतंत्र कलम, आणि अहवाल ठरलेल्या वेळेच्या आत. आमच्यापुरतं आतलं उद्दिष्ट ९९.९५, म्हणजे २१ मिनिटं ३६ सेकंद. करारातल्या आकड्यात आणि आपल्या आकड्यात जी फट राहते, तेवढ्यात माणसांना श्वास घेता येतो.

सेल्सवाला बाहेर पडताना म्हणाला, "हे कलम तर मी बाकीच्यांनाही विकू शकतो." विक.

२७ जून, शुक्रवार

मायक्रोसर्व्हिसेसवर तिसरी बैठक. आम्ही नऊ इंजिनिअर. प्रस्तावात सेवा अकरा. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलंय की संस्थेत माणसं जशी एकमेकांशी बोलतात तशीच त्यांची सिस्टीम घडते. इथे तर माणसांपेक्षा सेवा जास्त. ॲमेझॉन प्राइम व्हिडिओच्या एका टीमने २०२३ मध्ये आपली व्हिडिओ तपासणीची सेवा सुट्या भागांतून पुन्हा एकत्र आणली आणि खर्च ९० टक्क्यांहून जास्त उतरला, हेही सांगितलं. लगेच कुणी "म्हणजे मोनोलिथच भारी" (सगळं एकाच ॲप्लिकेशनमध्ये) म्हणालं. तसंही नाही. त्यांच्या कामात सारखा डेटा इकडून तिकडे न्यावा लागत होता, म्हणून तिथे ते बरोबर ठरलं.

तोडगा: कोड एकच राहील, पण अहवालाचे वर्कर वेगळे चालतील आणि वाचन रेप्लिकावरून (डेटाबेसच्या सतत अद्ययावत होणाऱ्या प्रतीवरून) करतील. रेप्लिका मागे पडली तर ताजे पंच अहवालात येणार नाहीत, म्हणून काम सुरू करण्याआधी ती कुठवर आलीय ते बघायचं आणि तिने हजेरीची मुदत (हजेरी जिथपर्यंतची हवी ती वेळ) ओलांडली नसेल तर थांबायचं. थांबायला आता वेळ आहे. १८ तारखेचा तो दुसरा रकाना इथेही कामी आला.

१ जुलै, मंगळवार

क्लाउडचं बिल. डेटाबेसनंतरची दुसरी मोठी ओळ लॉगची. प्रॉडक्शनवर डीबग लॉग (चुका शोधण्यासाठीच्या बारीकसारीक नोंदी) चालू, दोन वर्षांपासून, आणि मुदत "कायम". पंचाची ऑडिट नोंद जपायलाच हवी, बाकीचे डीबग लॉग ७ दिवस पुरेत. बिल एकूण किती यापेक्षा एका सक्रिय कर्मचाऱ्यामागे किती, हा आकडा आजपासून डॅशबोर्डवर. ग्राहक वाढले की बिल वाढणारच. हा आकडा वाढला तर माझी झोप उडायला हवी.

४ जुलै, शुक्रवार

शुक्रवारी डिप्लॉय करायचं नाही, म्हणजे नवा कोड चालू करायचा नाही, असा नियम केला. काही बिघडलं नाही.

८ जुलै, मंगळवार

लोड टेस्ट. पहिल्या फेरीचे आकडे इतके सुरेख आले की शंका आली. सगळे खोटे वापरकर्ते एकाच खोट्या कंपनीत होते, सगळा डेटा कॅशमध्ये (हाताशी ठेवलेल्या झटपट साठ्यात). खऱ्या जगात एका ग्राहकाकडे १२,००० कर्मचारी आणि शेकडो ग्राहकांकडे वीस-वीस. तसा डेटा बनवायला दीड दिवस गेला आणि दुसरी फेरी लगेच कोसळली. मोठ्या ग्राहकाची एक क्वेरी अख्खं पंचांचं टेबल चाळत होती, इंडेक्स (नोंद पटकन सापडावी म्हणून ठेवलेली सूची) नसल्यासारखी.

"तिथे इंडेक्स आहे," बॅकएंडची मुलगी ठामपणे म्हणाली. आहेच. तिने टेबलाची माहिती उघडली आणि आम्ही दोघी गप्प. इंडेक्सच्या नावापुढे लिहिलेलं: इनव्हॅलिड. दीड वर्षापूर्वी कुणीतरी तो लिखाण न अडवता बनवायच्या पद्धतीने, म्हणजे कन्करंटली, बनवायला घेतला, मध्येच तो फसला, आणि अर्धवट तसाच राहिला. पोस्टग्रेस असा इंडेक्स क्वेरीसाठी वापरत नाही, पण दर पंचाला त्यात नोंद करायचा भार मात्र वाहतो. दीड वर्ष फायदा शून्य आणि ओझं पूर्ण. पाडला, नवा बांधला, पूर्ण झाल्याची खात्री केली. क्वेरी ६ सेकंदांवरून ४० मिलिसेकंदांवर.

शार्डिंगवाल्याच्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं: पाचपट पंच आत्ताच्या मशीनवर बसतात, आठपटीला डिस्क दमते. पुढच्या वर्षी त्याचं ऐकावं लागेल. आठपटीचा आकडा त्याच्या नावानिशी टिपणात घातला.

१० जुलै, गुरुवार

नवा फॉर्म आणि जुन्या ८७१ अहवालांचं स्थलांतर, दोन्ही आज गेलं. जुन्यांना पहाटे पाच ते नऊमध्ये विखुरलं.

११ जुलै, शुक्रवार

चूक झाली, आणि ती माझी. सकाळी साडेसातपासून फोन. तीन ग्राहकांच्या अहवालात रात्रपाळीची अर्धी माणसं "गैरहजर". त्यांची पाळी सहाला संपते, बाहेर पडतानाचा पंच सहानंतर होतो, आणि आमच्या नव्या वेळापत्रकाने त्यांचा अहवाल ५:१० ला बनवला. दोन प्रश्न वेगळे करा असं १८ जूनला मीच लिहिलं. नव्या फॉर्ममध्ये ते केलं. जुन्या अहवालांच्या स्थलांतरात मात्र "बनवायची वेळ हीच हजेरीची मुदत" असं मीच धरलं, आणि टिकटावर सहीही माझीच.

फीचर फ्लॅग (नवी सोय चालू-बंद करायचं बटण) बंद करून आठ मिनिटांत जुनं वेळापत्रक परत. तिघांनाही मी स्वतः फोन केले. एका ठिकाणी सुपरवायझरने गैरहजेरीवरून दोन माणसांना बोल लावलेही होते. त्यांची माफी मागायला सांगावं लागलं, आणि ते सांगताना फोनवर फार अवघडल्यासारखं झालं. टेस्टमध्ये अहवाल वेळेत निघाला का तेवढंच तपासत होतो, आत काय आहे ते नाही.

१४ जुलै, सोमवार

दुरुस्ती. प्रत्येक ग्राहकाच्या पाळ्यांची यादी आपल्याकडे आहेच. नऊच्या आधी संपणारी शेवटची पाळी, अधिक उशिरा येणाऱ्या पंचांसाठी २० मिनिटं, ही हजेरीची मुदत. तिथपासून नऊपर्यंत कधीही बनवा. ज्यांना नऊच्या घटकेची ताजी हजेरीच लागते असे ६४ निघाले. ते नऊलाच राहतील. दहा टक्क्यांवर चालू केलं. या वेळी जुन्या आणि नव्या अहवालातली माणसं एकेक करून जुळवणारी स्क्रिप्ट सोबत.

२१ जुलै, सोमवार

तीन दिवसांपासून शंभर टक्के. नऊचा पी९९ ११ सेकंदांवरून १.४ वर. पॉड सातच्या वर जात नाहीत. आलेख इतका सपाट की प्लॅटफॉर्मवाल्याने आधी मॉनिटरिंग बंद पडलंय का ते तपासलं. एकाही ग्राहकाचा फोन नाही, कौतुकाचाही नाही. पाळीप्रमुखांना मात्र मुद्दाम विचारलं. सात-वीसला येतो म्हणाले.

२५ जुलै, शुक्रवार

बॅकअप परत आणून बघायचा सराव. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या इंजिनिअरकडून चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या पाच व्यवस्थांपैकी एकही धड चालत नव्हती. सहा तासांचा डेटा गेला. त्यांनी ते सगळं उघडपणे मांडलं म्हणून आपल्याला कळलं. आमच्या कागदावर "२ तासांत पूर्ववत" असं लिहिलेलं. प्रत्यक्षात ५ तास ४० मिनिटं लागली, त्यातली ५० मिनिटं योग्य परवानगी कुणाकडे आहे ते शोधण्यात. कागदावर ६ तास केलं. सेल्सवाला नाराज.

३० जुलै, बुधवार

मोठा ग्राहक आला, पहिली सकाळ. सातच्या पाळीला ४,००० माणसं दहा मिनिटांत. फोनवर पंच लगेच नोंदला गेल्याचं दिसतं, सर्व्हरकडे मात्र तो शून्य ते ३० सेकंदांत कधीतरी जातो, आणि फसला तर पुढचा प्रयत्न वाढत्या व थोड्या विस्कळीत अंतराने. छान पार पडलं.

त्रास वेगळीकडूनच आला. त्यांच्या पगाराच्या सिस्टीमची स्क्रिप्ट दर सेकंदाला सगळ्या कर्मचाऱ्यांची पूर्ण यादी मागत होती. ग्राहकनिहाय मर्यादा असल्याने ४२९ ("फार मागण्या झाल्या" असा ठरलेला संकेत) देऊन थांबवली, किती वेळाने या तेही कळवलं. स्क्रिप्टने ते वाचलंच नाही. त्यांच्या डेव्हलपरला फोन केला. बिचाऱ्याला फक्त बदललेल्या नोंदी हव्या होत्या, पण तसं मागायची सोय आमच्या एपीआयमध्ये (बाहेरच्या प्रोग्रॅमसाठीच्या दारात) नव्हती. म्हणजे दोष आमच्याच पदरात. "मागच्या वेळेनंतर काय बदललं" असा एक नवा मार्ग पुढच्या स्प्रिंटमध्ये.

१ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी १० ला डेटाबेस पुन्हा जड. नऊ नव्हे, दहा. थेट कनेक्शनवर ठेवलेलं ते पगाराचं काम, एकामागे एक, शेकडो. १ जुलैलाही हेच झालं असणार. तेव्हाच्या गोंधळात वेगळं दिसलं नाही.

महिना बंद करायचा फॉर्म उघडला. "कोणत्या तारखेला?" समोर आधीच निवडलेलं: १. "किती वाजता?" १०:००. ६४१ पैकी ५८८ ग्राहकांनी तसंच ठेवलेलं.

टिकट काढलं. सोमवारी फोन करायच्या सात जणांची नावं त्यात लिहिली, पहिलं त्या एचआर मॅडमचं.